पडदा चार बोटं खाली

या अंकासाठी मला टीव्ही दुरुस्तीच्या आयुष्यातले गमतीदार किस्से लिहायला सांगितलं होतं. किस्से भरपूर आहेत, त्यातला एखाददुसरा येईलही. पण कागद पुढे घेतला की माजलगावच्या एका माडीवरची भिंत समोर येते आणि बाकीचं काही सुचत नाही. एका माणसाची नजर जात होती. ते मला कळलं होतं. मी त्याला सांगितलं नाही. हकिगत एवढीच आहे. पुढचं सगळं ते कसं घडलं याबद्दल.

आधी धंदा सांगतो. पडद्यावरच्या चित्रात पांढरा असा वेगळा रंग नसतोच. तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश ठरावीक प्रमाणात एकमेकांवर पडला की डोळ्याला पांढरं दिसतं. प्रमाण जरा चुकलं तर पांढऱ्या सदऱ्यावर निळीची झाक येते, नाहीतर माणसं काविळीतून उठल्यासारखी दिसतात. डोळा यात फसतो, कारण दहा मिनिटांत तो कोणत्याही पांढऱ्याला सरावतो. म्हणून मोजायला यंत्र लागतं. त्याचं नाव कलर अ‍ॅनालायझर. आम्ही त्याला मीटर म्हणायचो. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिला वायर आणि वायरीच्या टोकाला एक नळी. नळी पांढऱ्या चित्रावर धरली की पेटीवर तीन आकडे येतात, एकेका रंगाचा एक. तिन्ही आकडे सारखे आणायचे. आधी झगझगीत पांढऱ्यात, मग राखाडीत, मग जवळजवळ काळ्यात. काळ्यातलं जमवलं की पांढऱ्यातलं बिघडतं. पुन्हा मागे जायचं. चांगल्या हाताला दोन तास लागतात. मला दीड लागायचा, हे मी अजूनही सांगतो.

हा मीटर मला औरंगाबादच्या एका टीव्ही कारखान्यातून मिळाला. तिथे जोडणीच्या रांगेत शेवटून दुसऱ्या जागी बसून मी दिवसभर पांढरा रंग लावायचो. मग बाजार खुला झाला, परदेशी टीव्ही आले आणि तीन-चार वर्षांत आमचा कारखाना बंद पडला. यंत्रं भंगारात निघाली तेव्हा मीटर मी मागून घेतला आणि बीडला परत आलो. मुसाभाईंच्या दुकानात कामाला लागलो. आमच्या जिल्ह्यात असं यंत्र बाळगणारा बहुधा मी एकटाच होतो आणि त्याचा मला तोरा होता.

मुसाभाईंची एक रीत होती. मीटरने सगळं लावून झालं की शेवटी टीव्हीच्या मालकाला समोर बसवायचं आणि त्याच्या डोळ्याला पटेल तसं थोडं इकडे-तिकडे करायचं. आपल्याकडे लोकांना रंग भडक लागतो, शेंदूर शेंदरासारखा दिसायला हवा असतो. मला ही रीत पटत नसे. मीटर बरोबर म्हणतोय तर मालकाला काय विचारायचं?

चौसाळ्याला एक मुख्याध्यापक होते. नव्या टीव्हीत झाडांची पानं मातकट दिसतात, अशी त्यांची तक्रार. मी दोनदा जाऊन मोजलं, रंग बिनचूक. तिसऱ्या खेपेला मी गेलो तेव्हा घरात पाहुणे बसलेले. गुरुजींनी पुन्हा तेच सुरू केलं. मी वैतागून कोपऱ्यातल्या टोपलीतल्या मूठभर हिरव्या-तांबड्या मिरच्या उचलल्या आणि त्यांच्यासमोर धरून म्हणालो, "गुरुजी, यातल्या पिकलेल्या तेवढ्या वेगळ्या काढा." त्यांनी ज्या काढल्या त्यात दोन हिरव्यागार होत्या. पाहुणे हसले. ते पाहुणे गुरुजींच्या मुलीला बघायला आले होते, हे मला निघताना कळलं. पुढे ते जमलं नाही. माझ्यामुळेच, असं मी म्हणणार नाही; पण गुरुजी तसं म्हणाले आणि दुकानात येऊन म्हणाले.

मुसाभाईंनी मला गल्ल्यापाशी उभं केलं. "मीटर टीव्ही तपासायला घेतलास का माणूस तपासायला बे? आजपासून गिऱ्हाइकाच्या डोळ्यात खोट काढायची न्हाई. डोळा त्याचा, घर त्याचं. आपण कोण?"

मला लाज वाटली होती. ते वाक्य मी मनात नीट बसवून घेतलं, फार नीट.

पुढे वर्षा-दोन वर्षांनी माजलगावहून शिवराज नावाचा तरुण दुकानात आला. बाजारपेठेत त्यांची आडत होती, कापूस आणि धान्याची. त्याने मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलच्या सभागृहातून निघालेला जुना प्रोजेक्टर आणला होता आणि त्याला घरात थिएटर करायचं होतं. धरणाच्या पाण्यावर ऊस झाला, हातात पैसा खेळायला लागला, तेव्हा लोकांना काय काय हवंसं वाटू लागलं त्यातलाच हा प्रकार. पण शिवराजचं म्हणणं साधं होतं. वडिलांनी कधी कुठली हौस केली नाही, सिनेमा तेवढा आवडतो, आणि टॉकीजच्या खुर्चीत त्यांची कंबर दुखते.

आजचे प्रोजेक्टर टिफिनएवढे असतात. तो प्रोजेक्टर उचलायला बाजारातले चार हमाल लागले. जिना चढताना एक जण म्हणाला, "यात काय अर्धा बैल भरलाय का?" त्याला पुढून तीन भिंगं होती, तांबड्याचं, हिरव्याचं आणि निळ्याचं. तिन्हींतून तीन वेगळी चित्रं पडद्यावर जातात आणि ती रेघेवर रेघ बसवावी लागतात. त्यासाठी पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी आणायची, एक लुकलुकणारी फुली असते ती जाळीच्या एकेका घरात न्यायची आणि तिथले तिन्ही रंग एकावर एक आणायचे. अख्खा दिवस जातो. रेघ बसली की तीन रंगांच्या ठिकाणी एकच पांढरी रेघ उरते. ती पाहण्यासाठीच मी या धंद्यात राहिलो असं मला वाटतं.

अप्पा, म्हणजे शिवराजचे वडील, तेव्हा साठीच्या आत-बाहेर होते. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, अंगात पांढरी बंडी. त्यांनी यंत्राची पूजा केली आणि मी थांबवायच्या आत तिन्ही भिंगांवर भस्माचं बोट ओढलं. "आमच्या देवावानीच हाय की, तिनडोळ्या," म्हणाले. मी मुकाट्याने भिंगं पुसली. ते म्हणाले, "पुसलास व्हय? पुस. त्याला दिसलं पाहिजे."

त्यांची नजर बाजारात प्रसिद्ध होती. कापसाची गाडी आली की अप्पा मूठभर कापूस उजेडाला धरत आणि पहिल्या वेचणीचा की दुसऱ्या, कुठे पाणी लागलं, हे सांगत. त्यांनी सांगितलं की शेतकरी आणि व्यापारी दोघंही वाद सोडून देत. त्या बाजारात त्यांची सगळी पत त्या दोन डोळ्यांत होती.

मीटरने रंग लावून झाल्यावर रीतीप्रमाणे मी त्यांना समोर बसवलं आणि पांढरा पडदा दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्यात गुलाबी हाय."

"अप्पा, मीटर बरोबर म्हणतोय."

"मीटरला म्हण, कापूस बघितलाय का कधी?"

शिवराज हसला. मी परत मोजलं, आकडे सारखेच. पण माझ्या मनात शंका राहिली आणि पुढच्या महिन्यात मीटर मुंबईला तपासायला पाठवला. नळीतली तांबड्याची काच जुनी होऊन उतरली होती. मीटर तांबडं कमी मोजत होता, म्हणून मी जास्त लावत होतो. त्या माणसाने ते नुसत्या डोळ्यांनी धरलं होतं. मी माजलगावला जाऊन सगळं पुन्हा लावलं आणि त्यांच्या पाया पडलो. त्यानंतर ते मला इंजिनेर म्हणू लागले, थोडं थट्टेने, थोडं मायेने.

त्या प्रोजेक्टरमध्ये वेगवेगळी जुळणी साठवून ठेवायची सोय होती. पहिल्या जागेत मी मीटरची जुळणी ठेवली, दुसऱ्या जागेत अप्पांच्या आवडीची. सुरुवातीला दोन्हींत फारसा फरक नव्हता.

सहा महिन्यांनी पहिला निरोप आला, चित्र अंधुक झालंय. गेलो, तर भिंगांवर पुन्हा भस्म. दर सोमवारी पूजा चालू होती. पुसलं, झगझगीत झालं, सगळे हसलो. हे सांगतो कारण पुढच्या वेळी मी त्याच समजुतीत गेलो होतो.

पुढच्या वेळी भिंगं स्वच्छ होती. अप्पा म्हणाले, वरचा भाग काळवंडतोय, उभ्या माणसांची डोकी नीट दिसत नाहीत. मी मोजलं, वर आणि खाली उजेड सारखा. मला वाटलं, पडदा उंच लावलाय, गादीवर बसून मान वर करावी लागत असेल. पडदा म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड होतं, वरच्या बाजूने भिंतीत चार स्क्रू मारून टांगलेलं. मी चार बोटं खाली नवी भोकं पाडली, चौकट खाली घेतली, पूर्ण दिवस घालवून जाळी पुन्हा बसवली आणि उजेड थोडा वाढवला. जुनी भोकं चौकटीच्या वर उघडी पडली, त्यांवर भिंतीच्या रंगाचा काळा कागद चिकटवला. अप्पा म्हणाले, आता बरं वाटतंय. इथपर्यंत माझं मन स्वच्छ आहे.

पाच-सहा महिने गेले. पुन्हा निरोप. मी गेलो तेव्हा अप्पांच्या कपाळावर, भस्माच्या पट्ट्यांच्या मधोमध, पट्टी चिकटवलेली. आडतीत तुळईला टांगलेल्या वजनकाट्याचा लोखंडी आकडा लागला होता. तो आकडा तिथे वीस-पंचवीस वर्षं टांगलेला होता. शिवराज म्हणाला, "अप्पा आजकाल घाईत चालत्यात." अप्पा म्हणाले, आकडाच कुणीतरी खाली घेतलाय.

मी पहिल्या जागेतली जुळणी लावून मोजलं. चारही कोपरे सारखे. अप्पा म्हणाले, वरचं न्हाईच. शिवराज खाली दुकानात गेला होता. खोलीत आम्ही दोघेच होतो, दारं बंद, चारही भिंतींना काळा रंग, दुपार असून अंधार. मी जाळी लावली, फुली मधोमध आणली आणि म्हणालो, "अप्पा, डोळे मधल्या घरावरून हलवू नका. मी फुली फिरवतो. दिसेनाशी झाली की सांगा."

ते शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले. मी फुली डावीकडे नेली. दिसायलीय, म्हणाले. उजवीकडे नेली, खाली नेली. दिसायलीय. मग वर नेऊ लागलो, एकेक घर. मधल्या घरापासून तिसऱ्याच घरात ते म्हणाले, "गेली."

फुली पडद्यावर होती. माझ्यासमोर लुकलुकत होती. मी तिला आणखी वर नेलं, डावीकडून नेलं, उजवीकडून नेलं. वरच्या अर्ध्यात जवळजवळ कुठेच त्यांना ती दिसत नव्हती. ते डोळे न हलवता सांगत होते, गेली, गेली, अजून गेलेलीच हाय. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. उलट त्यांना बरं वाटत होतं, की बिघाड कुठे आहे ते आता इंजिनेराला सापडतंय.

त्या क्षणी मला कळलं होतं. मी डॉक्टर नव्हतो, रोगाचं नाव मला येत नव्हतं. पण यंत्रात दोष नाही, आणि दोष नक्की कुठे आहे, हे त्या जिल्ह्यात त्या वेळी फक्त मला माहीत होतं. काट्याच्या आकड्याचाही अर्थ लागला.

"घावलं का?" अप्पांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो अप्पा. वरचा भाग जरा उतरलाय. करतो."

हे मी का म्हणालो, ते मी इतकी वर्षं स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं आहे. कधी गुरुजींच्या मिरच्या पुढे करतो, कधी मुसाभाईंचं वाक्य. कधी म्हणतो की या माणसाच्या डोळ्याने माझा मीटर खोटा ठरवला होता, तर मी कोण बोलणारा. पण मीटर तर तपासून आला होता. ज्याची पत नजरेवर चालते त्याला तुझी नजर गेली हे तोंडावर सांगायची मला भीती वाटली, हे त्यातल्या त्यात खरं. शिवराजला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. अप्पा, एकदा डोळे दाखवून या, एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

त्याऐवजी मी दुसरी भोकं पाडली. पडदा आणखी चार बोटं खाली. उजेड आणखी वाढवला. त्या वेळी मी काम उत्तम केलं. रेघेवर रेघ बसवली, आणि ज्याच्यासाठी बसवली त्याला वरची अर्धी जाळी दिसतच नव्हती.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. मी आदल्या दिवशी ठरवून गेलो होतो की आता बोलायचं. माडीवर चार-पाच व्यापारी बसले होते. अप्पांनी माझी ओळख करून दिली. म्हणाले, "ह्यो आपला इंजिनेर. मी नुसतं सांगायचं, हा बरोबर करतोय." त्यांच्यापुढे मी काय बोलणार होतो? आणि व्यापारी उठून गेल्यावरही मी बोललो नाही, म्हणजे त्यांच्यावरही ढकलता येत नाही. पडदा तिसऱ्यांदा खाली आला. दुसऱ्या जागेतल्या चित्राचा उजेड एवढा वाढला होता की शिवराजची बायको म्हणाली, डोळे दुखत्यात बघून. अप्पा म्हणाले, छान हाय.

त्यानंतर काही महिन्यांनी अप्पांनी भर बाजारात भिजलेल्या कापसाला पहिल्या वेचणीचा म्हटलं. लोक गप्प बसले. आदर म्हणून गप्प बसले. एक म्हातारा शेतकरी मात्र म्हणाला, "अप्पा, तुमास्नी दिसंना का?" मी दोन वर्षांत जे म्हणू शकलो नाही, ते तो माणूस सगळ्यांसमोर म्हणाला. शिवराजने दुसऱ्याच दिवशी त्यांना औरंगाबादला नेलं. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, यात दुखत नाही, कडेची नजर आधी जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली परत येत नाही. वेळेवर आला असतात तर थेंबांवर पुष्कळशी राखता आली असती. हे शिवराजने मला दुकानात येऊन सांगितलं. मी पाना हातात धरून ऐकत होतो. तो म्हणाला, "आमाला घरात राहून कळलं न्हाई बघा." तेव्हाही मी काही बोललो नाही.

दीड-दोन वर्षांत उरलेलीही गेली. मग प्रोजेक्टर काढून न्यायला शिवराजने मला बोलावलं. ते यंत्र घरात नको होतं.

माडीची दारं-खिडक्या उघड्या होत्या, पहिल्यांदाच त्या खोलीत ऊन पाहिलं. अप्पा गादीवर बसले होते. भस्म कुणीतरी दुसऱ्याने लावलेलं दिसत होतं, पट्टे वाकडे होते. हमालांनी यंत्र खाली नेलं. मी चौकट उतरवली. माझे चिकटवलेले काळे कागद केव्हाच सुटून पडले होते. भिंतीवर भोकांच्या चार रांगा दिसत होत्या, एकीखाली एक.

अप्पांनी विचारलं, "निघाला का पडदा?"

"निघाला, अप्पा."

ते उठले, हात पुढे करून भिंतीपाशी आले आणि वरपासून चाचपू लागले. बोट पहिल्या भोकात अडकलं. मग खालच्या रांगेत. मग त्याखाली.

"हे काय हाय?"

"स्क्रूची भोकं. पडदा तीनदा खाली घेतला ना."

त्यांनी शेवटची रांग हाताने शोधली, त्यासाठी वर गेलेला हात वीतभर खाली आणावा लागला. तिथेच हात ठेवून म्हणाले, "ती फुली. मी 'गेली' म्हणलो, तवा तुला दिसत व्हती का?"

त्यांना हे कधी सुचलं मला माहीत नाही. कदाचित अंधारात बसून पुष्कळ दिवस विचार केला असेल. शिवराज दारात उभा होता. मी म्हणालो, "दिसत होती."

"मग 'करतो' कावून म्हणलास?"

वर जी लिहिली ती सगळी उत्तरं तेव्हा मनात आली, आणि प्रत्येक उत्तर त्यांच्या तोंडाकडे बघून गळून पडलं. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते भिंतीला धरून हळूहळू गादीवर परतले आणि शिवराजला म्हणाले, "ह्याला च्या सांग."

चहा आला. मी तो पूर्ण प्यालो, कारण उष्टा कप ठेवून उठायची हिंमत नव्हती. शिवराज माझ्याकडे बघत नव्हता. पिशवीत पांढरं सिमेंट होतं. मी म्हणालो, "अप्पा, भोकं बुजवून देतो, मग निघतो."

"नगं," ते म्हणाले. "राहू दे तशीच. हाताला लागत्यात."